अर्ली ॲक्सेस: अर्धवट गेम विकायला कधी काढावा?

प्रश्न (पट्टेवाला): कारखाना उभारण्याचा गेम आहे, टीम दोघांची. खाणकाम, कन्व्हेयर (माल वाहणारे पट्टे) आणि वीज नीट चालतंय. रेल्वे आणि संशोधनाचा शेवटचा टप्पा बाकी आहे. पाचेक तास खेळता येईल एवढा भाग तयार. स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) आत्ताच अर्ली ॲक्सेसमध्ये काढावा का? किंमत किती? आणि अपडेटमध्ये जुने सेव्ह (खेळाडूंनी साठवलेला खेळ) मोडले तर लोक चालवून घेतात का?

अर्धाकच्चा: आधी पैशांचं बघा. विक्री जवळपास झालीच नाही तरी गेम पुरा करता येणार असेल तरच या, असं खुद्द स्टीमच डेव्हलपरना बजावतं. विक्रीच्या भरवशावर रेल्वे बनवायची असेल तर थांबा.

दुसरं, याला ट्रायल समजू नका. विशलिस्टवाल्यांना (ज्यांनी गेम 'हवा' म्हणून यादीत टाकलाय त्यांना) मेल अर्ली ॲक्सेस सुरू होतो त्याच दिवशी जातो. १.० ला, म्हणजे पूर्ण गेम येतो तेव्हा, पुन्हा जातो, पण तोवर पहिल्या आठवड्यातले वाईट रिव्ह्यू पानावर बसलेले असतात. नेक्स्ट फेस्ट (स्टीमचा डेमोंचा उत्सव) हाही फक्त न आलेल्या गेमसाठी, म्हणून डेमो तिथे आधी लावा.

बाकी तुमचा प्रकार याला साजेसा आहे. कथेवर चालणाऱ्या गेमचं अवघड, शेवट आधीच फुटतो. बाल्डर्स गेट ३ ने ऑक्टोबर २०२० मध्ये फक्त पहिला अंक विकला आणि पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये दिला; पण तेवढं नाव आणि तेवढी टीम कितीजणांकडे असते?

सेव्हकर: सेव्हवर बोलतो. पहिल्याच बिल्डपासून (गेमच्या तयार आवृत्तीपासून) सेव्ह फाइलच्या सुरुवातीला आवृत्ती क्रमांक लिहा. रूपांतर एकेक पायरीने करा: ३ वरून ४, ४ वरून ५. थेट ३ वरून ५ चं वेगळं फंक्शन लिहीत बसलात तर दहाव्या अपडेटला गुंता सुटणार नाही.

वस्तू यादीतल्या क्रमांकाने साठवू नका, "तांबे_पत्रा" अशा कायम नावाने साठवा. नाहीतर यादीच्या मधून एक वस्तू काढली की खेळाडूच्या पेट्यांमधले तांब्याचे पत्रे रातोरात गिअर होतात. एरर येत नाही, क्रॅश होत नाही, त्यामुळे टेस्टिंगमध्येही सुटतं.

मोडणारच असेल तर आधीचा बिल्ड स्टीमवर वेगळ्या ब्रँचवर (समांतर आवृत्ती म्हणून) ठेवा. खेळाडू प्रॉपर्टीजमधल्या बीटाज टॅबमधून तो निवडतो. स्टीम क्लाउड (सेव्ह ऑनलाइन साठवणारी सोय) चालू असेल तर दोन्ही आवृत्त्यांचे सेव्ह वेगळ्या फोल्डरात हवेत. एकाच फोल्डरात असले की जुन्या बिल्डला नवी फाइल मिळते आणि परतीची वाटही बंद.

पट्टेवाला: क्लाउडचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. किंमत?

भाववाढ: १.० च्या किमतीपेक्षा थोडी कमी, फार स्वस्त नको. पुढे वाढवणार असाल तर स्टोअर पानावरच्या प्रश्नोत्तरांत आधीच लिहा. किंमत वाढवल्यावर ३० दिवस सवलत लावता येत नाही. म्हणून वाढ १.० च्या महिनाभर आधीच उरकून घ्या, नाहीतर ऐन लाँचला सवलत नाही.

"रेल्वे मार्चमध्ये" असलं काही पानावर टाकू नका. आज काय चालतं तेवढंच लिहा आणि ट्रेलरमध्येही तेच दाखवा. स्टीमला ठोस वचनं नकोच असतात.

रिफंड खरेदीपासून १४ दिवसांत, २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर मिळतो, आणि अर्ली ॲक्सेसमधला वेळही त्यात मोजला जातो. कारखान्याच्या गेममध्ये पहिला तास हाताने खनिज फोडण्यातच गेला तर माणूस तिथेच परत करतो. पहिला कन्व्हेयर १५ मिनिटांच्या आत हातात द्या.