रुंदीपेक्षा जोड महत्त्वाची

रस्ते रुंद केले की वाहतूक कोंडी सुटेल, असं म्हणतात. मला पटत नाही; रस्ते एकमेकांना जोडलेले हवेत. पुण्याच्या पेठांत लक्ष्मी रस्ता बंद असला तरी कुमठेकर रस्त्याने, नाहीतर मधल्या बोळांतून माणूस पोचतोच. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली, पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी शेताच्या बांधावरच सोसायट्यांच्या भिंती आधीच उभ्या होत्या. प्रत्येकीचा आतला रस्ता फाटकाशी संपतो, सगळ्या गाड्या एकाच मुख्य रस्त्यावर. आमच्या भिंतीपलीकडे शाळेची घंटा स्पष्ट ऐकू येते. मुलीला मात्र हमरस्त्याने दीड किलोमीटर वळसा घालून सोडावं लागतं. त्या भिंतीत पायी जाण्यापुरतं दार हवं, यासाठी मी दोन वर्षं सोसायटीच्या सभेत भांडतेय.