होस्ट कोसळताना वॉचडॉग चालू ठेवावा का?

रबाळेकर:
आम्ही हायपरव्हायझरला (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) स्वतःचे पॅच लावून महापेला होस्ट, म्हणजे ते व्हीएम ज्यांवर चालतात ते सर्व्हर, चालवतो. वॉचडॉगवरून (सीपीयू ठरलेल्या मुदतीत हलला नाही तर कारवाई करणाऱ्या टायमरवरून) टीममध्ये दोन तट पडलेत. माझं ठाम मत: क्रॅश सुरू झाला की सर्वांत आधी वॉचडॉग थांबवा, मग एक अक्षर छापा. झेन या हायपरव्हायझरमध्ये वॉचडॉगची मूळ मुदत 5 सेकंद. क्रॅशचा मजकूर छापणाऱ्या 115200 बॉडच्या (सेकंदाला तितके बिट) सीरियल कन्सोलवर सेकंदाला जेमतेम 11,500 अक्षरं जातात, म्हणजे 64 केबी मजकुरालाच साडेपाच सेकंदांच्या वर लागतात. तेवढ्यात सीपीयू अडकलाय असं समजून वॉचडॉग एनएमआयमध्येच (सीपीयूला टाळता न येणाऱ्या इंटरप्टमध्ये, म्हणजे हातचं काम थांबवणाऱ्या इशाऱ्यात) दुसरा पॅनिक करतो, म्हणजे पुन्हा कोसळवतो, आणि डम्प (तपासासाठीची मेमरीची प्रत) हातचा जातो. झेनचा फेटल ट्रॅप हँडलर (जीवघेणी चूक हाताळणारा कोड) म्हणूनच आधी वॉचडॉग बंद करतो.

घोडबंदर_ॲडमिन:
साफ अमान्य. तुमचा क्रॅश हँडलरच अडकला तर? रात्री तीनला होस्ट ना मेलेला ना जिवंत. तो नक्की बंद पडल्याची खात्री होईपर्यंत त्यावरचे व्हीएम दुसरीकडे सुरू करता येत नाहीत, नाहीतर एकाच डिस्कवर दोघं लिहितील. मला डम्पपेक्षा ग्राहकांचे व्हीएम महत्त्वाचे.

रबाळेकर:
मी सॉफ्टवेअर वॉचडॉगबद्दल बोलतोय. बोर्डावरचा, होस्ट थेट रीबूट करणारा हार्डवेअर वॉचडॉग राहू द्या, फक्त त्याची मुदत वाढवा.

ऐरोली_कर्नल:
दोघंही लॉकचा (सामायिक डेटाला एका वेळी एकाच सीपीयूला हात लावू देणाऱ्या कुलपाचा) मुद्दा सोडताय, आणि खरी गोम तिथेच आहे. क्रॅश झाला की बाकीचे सीपीयू आपण एनएमआय पाठवून थांबवतो. इंटरप्ट बंद करून लॉक धरून बसलेला सीपीयूही त्याने जागच्या जागी थांबतो. तो लॉक आता कोणीच सोडणार नाही. त्याची वाट पाहणारा क्रॅश हँडलर कायमचा लटकला.

रबाळेकर:
म्हणून तर लॉक जबरदस्तीने तोडायचे.

ऐरोली_कर्नल:
सगळे नाही हो! कन्सोलचा तोडा, फार तर दोन ओळी एकमेकींत मिसळतील. मेमरी ॲलोकेटरचा (मेमरी वाटून देणाऱ्या कोडचा) तोडलात तर अर्धवट बदललेली यादी हाती येते आणि हँडलरच कोसळतो. क्रॅशच्या वाटेत मेमरी मागायचीच नाही. लागणारी सगळी बूटच्या वेळीच राखून ठेवायची. दोन सीपीयू एकदम पॅनिक झाले तर ॲटॉमिक क्रियेने (मध्येच न तुटणाऱ्या एका सूचनेने) एकालाच पुढे जाऊ द्या, दुसरा तिथेच थांबेल.

घोडबंदर_ॲडमिन:
लॉकचं पटलं. पण हार्डवेअर वॉचडॉगची मुदत नुसती वाढवून भागत नाही. केडम्पच्या कर्नलमध्ये (क्रॅशनंतर सुरू होऊन डम्प लिहिणाऱ्या दुसऱ्या कर्नलमध्ये) त्या वॉचडॉगचा ड्रायव्हर नसेल तर त्याला थोपवणार कोण? मोठ्या होस्टची मेमरी लिहून होण्याआधीच रीबूट होईल. तो ड्रायव्हर केडम्पच्या इमेजमध्ये घालून दाखवा, मग मी सॉफ्टवेअर वॉचडॉग थांबवायला हो म्हणेन.