आधी जिना, मग राजीनामा

एकाने विचारलंय, की अंथरुणात पडल्यापडल्या नोकरी सोडायची जी ऊर्मी येते ती खरी मानावी का. माझं ऐका.

२०१९च्या पावसात फोंड्याहून पणजीला जाताना बाणस्तारीजवळ स्कूटर घसरली. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातला. एवढं मोठं हाड जुळून यायला ३ ते ६ महिने जातात, हे सगळे सांगतात. स्नायू त्याच्या कितीतरी आधी वितळतो, हे कुणी सांगत नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती ५ सेकंद खाली दाबायची, एवढाच व्यायाम. पहिल्या दिवशी मी दात-ओठ खाऊन दाबतोय आणि मांडी ढिम्म! आपलाच पाय आपलं ऐकत नाही, हे फार अपमानास्पद असतं.

दिवसभर बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसून. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू सकाळ-संध्याकाळ वाजतो, हेही तेव्हाच कळलं, कारण एरवी मी घरात असायचोच कुठे! दुसऱ्या महिन्यात राजीनामा लिहिला. बायकोने तो कपाटात टाकला. म्हणाली, ‘‘आधी जिना चढून दाखवा, मग सोडा नोकरी.’’

पाचव्या महिन्यात चढलो. पत्र काढून वाचलं. अर्धं नुसतं ठणक्याचं रडगाणं, थोडा साहेबावरचा राग (तो अजून आहे). रोजच्या जाण्यायेण्याबद्दलची एक ओळ मात्र खरी होती. फोंड्यातच बदली मागून घेतली, पैसे हातात कमी पडतात.

पत्र कपाटातच आहे, माटोळीच्या (चवथीला गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या चौकटीच्या) दोऱ्यांच्या डब्याखाली.