हायस्पीड कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग: जेपेगमुळे थेंबाभोवती भुतं दिसतायत का?

तव्यावरचा_थेंब
नमस्कार मंडळी. पुण्यात एम.टेक. करतोय. प्रयोग असा: २५० अंशांपर्यंत तापवलेल्या स्टीलच्या चकतीवर २.३ मिमीचा पाण्याचा थेंब सोडायचा. तो खालच्या वाफेवर तरंगतो आणि उसळून वर येतो. मागून एलईडी, मध्ये ट्रेसिंग पेपर, समोर कॅमेरा. १२८० × ८००, १२ बिट, कृष्णधवल, सेकंदाला ५,००० फ्रेम.

४० चाचण्या झाल्या. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याची १६ जीबी मेमरी भरते आणि मी ती सगळीच्या सगळी उतरवतो. लॅबचा पीसी तिसऱ्याच दिवशी भरला, म्हणून पुढच्या चाचण्या जेपेगमध्ये सेव्ह केल्या. क्वालिटी ९० ठेवली होती, डोळ्यांना काही फरक दिसत नाही. पण थ्रेशोल्ड लावून (ठरावीक छटेहून गडद तो थेंब, बाकी पार्श्वभूमी) थेंब मोजायला गेलो तर मोठ्या थेंबाभोवती २-३ पिक्सेलचे बारीक ठिपके येतात. प्रोग्राम त्यांना उडालेले तुषार समजून मोजतो. खरे तुषार कुठले आणि खोटे कुठले हेच कळेना. टिफ (काहीच न छाटणारा फॉरमॅट) घ्यावं तर जागा नाही, पीएनजी फार हळू चालतं. काय करू?

काका_लॅबवाले
थेंबराव, ते तुषार नाहीत, जेपेगची करणी आहे. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक तपशील कमी-जास्त छाटतं. पांढऱ्यावर काळी कड आली की त्या तुकड्यात कडेच्या आजूबाजूला लहरी उमटतात. लग्नाच्या फोटोत चालतं. तुमचं तर सगळं मोजमापच कडेवर आहे. शिवाय जेपेग ८ बिटचं, म्हणजे ४,०९६ छटांच्या २५६ झाल्या.

पण माझं खरं भांडण फॉरमॅटशी नाहीच. सगळी मेमरी उतरवता कशाला? १६ जीबीत तुमच्या साधारण १०,४०० फ्रेम बसतात, म्हणजे दोन सेकंद. आणि एवढा थेंब चकतीला टेकून पुन्हा सुटतो तो १२ मिलिसेकंदांच्या आसपास. ५,००० च्या वेगाने झाल्या ६० फ्रेम! पडतानाच्या आणि उसळल्यानंतरच्या धरल्या तरी ३०० पुरे. बाकी दहा हजार फ्रेममध्ये तुम्ही रिकामी चकती जपून ठेवताय.

सेव्ह करण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम ठरवा. १६ बिट टिफची एक फ्रेम २ एमबीची, ३०० झाल्या ६०० एमबी, ४० चाचण्यांचे २४ जीबी. आज करताय तसं सगळंच टिफमध्ये ठेवलंत तर साडेआठशे जीबी लागतील. थेंब ५०० × ४०० च्या चौकटीत मावत असेल तर पुढच्या वेळी कॅमेऱ्यातच तेवढी चौकट लावा. डेटा पाचपट घटतो आणि वर वेगही वाढवता येतो.

आमच्याकडचा क्रम सांगतो. आधी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये छाटलेला भाग ठेवायचा (फँटम कॅमेरा असेल तर .सिने). त्यात फ्रेमचा वेग, एक्स्पोजर, ट्रिगर (रेकॉर्डिंगचा इशारा) कुठे पडला हे सगळं सोबत राहतं. टिफ काढलेत की यातलं बरंच गळून जातं, म्हणून फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल टाका. मी तीत चकतीचं तापमान आणि किती पिक्सेलला एक मिमी हेही लिहितो. मोजणी टिफवर, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

टिफ पहिल्यांदा उघडलंत की चित्र काळंकुट्ट दिसेल. घाबरू नका, मी २००९ साली घाबरलो होतो आणि दोन तास दिव्याची वायर तपासत बसलो होतो. १२ बिटचे आकडे १६ बिटच्या डब्यात ठेवलेले असतात, ४,०९५ ही कमाल ६५,५३५ च्या पट्टीवर अंधारच. इमेजजे या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्राइटनेसच्या खिडकीत ‘ऑटो’ दाबा. ‘अप्लाय’ मात्र दाबू नका, त्याने पिक्सेलचे आकडेच बदलतात.

नाशिकची_मीरा
काकांना दुजोरा. आणखी एक ठेच माझी: मी १६ बिटचं ८ बिट केलं, पण प्रत्येक चाचणी आपापल्या प्रकाशानुसार ताणली गेली. मग एकच थ्रेशोल्ड सगळ्यांना लागेना. करायचंच असेल तर छटांची किमान-कमाल सगळ्यांना सारखी ठेवून करा.

फाइलची नावं ००००१ अशी द्या, नाहीतर १ नंतर १० येतो आणि थेंब उलटसुलट उड्या मारतो. साठवणीला जागा कमी पडली तर टिफची मालिका एफएफव्ही१ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये बांधा. त्यात एकही पिक्सेल बदलत नाही. एमपी४ सरांना दाखवायला ठीक, मोजायला नको. त्यात बऱ्याच फ्रेम शेजारच्या फ्रेमवरून अंदाजाने बांधलेल्या असतात.

काका_लॅबवाले
आणि कॅमेरा यूपीएसवर आहे ना? ती मेमरी लाईट गेली की कोरी होते. उतरवायला गिगाबिट केबलने पूर्ण १६ जीबीला अडीच-तीन मिनिटं, ३०० फ्रेमला पाच-सहा सेकंद. महावितरणशी पैज लावायची तर पाच सेकंदांचीच लावावी.

तव्यावरचा_थेंब
काका, ताई, आभार! टिफमधल्या पहिल्या ९ चाचण्या पुन्हा मोजल्या, ठिपके गायब. जेपेगवाल्या ३१ चाचण्यांची मूळ फाइल मी पुसून टाकलीय, त्यांतून काही वाचवता येईल का?

काका_लॅबवाले
थेंबाचा ढोबळ व्यास आणि किती उंच उसळला एवढं घ्या, तुषार मोजू नका. तुषारांसाठी ३१ वेळा पुन्हा तवा तापवायचा. छाटून सेव्ह केलंत तर दोन दिवसांचं काम.