मार्व्हल रायव्हल्स: मागून डाइव्ह आला की हीलर सगळ्यात आधी मरतो, काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मार्व्हल रायव्हल्स हा ऑनलाइन गेम नियमित खेळणारं इथे कुणी असेल तर मला मनापासून मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण नेमकं कुठे चुकतंय हे सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही.

मी नाशिकला शाळेत क्रीडाशिक्षक आहे. माझा भाचा कोल्हापुरात अकरावीला आहे. दर शनिवारी रात्री साडेनऊ ते साडेअकरा आम्ही दोघं मिळून हा गेम खेळतो, बाकीचे चार जण गेमच जोडून देतो. एरवी त्याचे क्लास आणि माझी शाळा यात आमचं बोलणं फारसं होत नाही, म्हणून हे दोन तास मला फार मोलाचे आहेत. तो व्हेनम हा टँक घेतो, मी लूना स्नो ही हीलर. गोल्ड या श्रेणीपर्यंत व्यवस्थित चढलो, पण गेले पाच आठवडे तिथेच अडकलोय. हरतो त्यातल्या बहुतेक सामन्यांत गोष्ट एकच असते: मी आधी मरतो आणि माझ्यामागून टीम कोसळते.

ज्यांनी गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ६ डिसेंबर २०२४ ला आलेला हा फुकट गेम आहे, सहा विरुद्ध सहा. हिरोंचे तीन प्रकार: पुढे उभे राहून मार खाणारे व्हॅनगार्ड, मारणारे ड्युएलिस्ट आणि साथीदारांना बरं करणारे स्ट्रॅटेजिस्ट, म्हणजे बोलीभाषेत टँक, डीपीएस आणि हीलर. कुठल्या प्रकारचे किती घ्यायचे यावर बंधन नाही, सामन्याच्या मध्येही हिरो बदलता येतो. साधारण दोन-दोन-दोन अशी टीम होते.

आता मूळ मुद्दा. समोरची टीम डाइव्ह खेळणारी असली, म्हणजे पुढची फळी टाळून थेट मागच्या हीलरवर झडप घालणारी, आणि त्यात स्पायडर-मॅन, ब्लॅक पँथर, व्हेनम यांच्यातले दोन जण जरी असले, तरी ते आमच्या टँककडे बघतसुद्धा नाहीत. वरून किंवा बाजूने फिरून थेट माझ्यावर येतात. लूनाकडे २७५ हेल्थ. स्पायडर-मॅन आधी जाळ्याचा गोळा मारून खूण चिकटवतो, त्या खुणेवर स्वतःला खेचून घेतो आणि खालून वर ठोसा हाणतो. हे सगळं मला कळेपर्यंत पडदा करडा झालेला असतो. ब्लॅक पँथरचं तर त्याहून वाईट. भाल्याने खूण केलेल्या माणसावर झेप घेतली की त्याची झेप लगेच परत मिळते, त्यामुळे तो एकदा आत आला की थांबतच नाही.

मागच्या शनिवारी यग्ड्रासिल पाथ या नकाशावर असाच सामना हरलो. आम्ही बचावाला होतो. शेवटच्या टप्प्यात, त्यांना पोचवायची असते ती गाडी अगदी दाराशी आली होती, भाचा पुढे त्यांच्या हीलरवर तुटून पडला होता आणि कानात ओरडत होता, "मामा, हील दे की! मामा, कुठं हाईस?" मी तोवर मेलो होतो. तो बिचारा एकटा चार जणांत अडकला. सामना संपल्यावर तो काहीच बोलला नाही. "उद्या पेपर हाय, जातो मी," एवढंच म्हणाला. त्याच्या त्या गप्प राहण्याने मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या सामन्याचा रिप्ले लावून बसलो. आधी माझ्या नजरेतून पाहिला, मग शत्रूच्या स्पायडर-मॅनच्या नजरेतून. ज्यांनी हे कधी केलं नसेल त्यांनी जरूर करावं. माझं पात्र शत्रूच्या डोळ्यांनी पाहताना तीन गोष्टी लख्ख दिसल्या.

पहिली, मी फार मागे आणि उघड्यावर उभा होतो. लूनाचा मारा लांबवर जातो, म्हणून लांब उभं राहणं सुरक्षित असं माझं गृहीतक होतं. प्रत्यक्षात माझ्या जवळ कुणीच नव्हतं. आमचा दुसरा टँक डॉक्टर स्ट्रेंज, त्याची ढाल समोरून येणारा मारा अडवते, माझ्या पाठीला तिचा काय उपयोग? आमचा दुसरा हीलर, रॉकेट, गाडीच्या पलीकडे होता. मी मेलो हे त्याला कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

दुसरी, अ‍ॅब्सोल्यूट झीरो. लूनाचा तो बर्फाचा गोळा शत्रूला गोठवतो, वर तिची स्वतःची हेल्थही भरतो. डायव्हर अंगावर आला असता वाचवणारी ही मोठी चीज तिच्याकडे आहे, आणि मी तो गोळा दर वेळी समोरच्या टँकवर फेकून मोकळा होत होतो. त्या सामन्यात अकरा वेळा मेलो, त्यांपैकी सात वेळा गोळा तयारच नव्हता. हे मी वहीत टिपलंय.

तिसरी गोष्ट पाहून तर मी रिप्ले थांबवून तीनदा मागे नेला. लूना पुढे धावत राहिली की आपोआप बर्फावर घसरायला लागते, तिचा वेग वाढतो आणि उडीही उंच जाते. पण हे फक्त पुढे धावताना होतं. मी काय करत होतो, तर शत्रू आला की त्याच्याकडे तोंड ठेवून, गोळ्या मारत, उलट्या पावलांनी मागे सरकत होतो. म्हणजे पळायचं एकमेव साधन मी एकदाही वापरलेलं नाही!

मी कॉलेजात कबड्डी खेळलोय, आता मुलांना शिकवतो, त्यामुळे मला हे सगळं त्याच भाषेत कळतं. डायव्हर म्हणजे चढाईवाला. तो आत येतो तेव्हा जोरात असतो, पण त्याला परत जायचंही असतं. चांगला बचाव त्याला येतानाच धरायला धावत नाही. तो आत खोलवर आला, त्याचा तोल गेला की कोपरा पाय धरतो आणि कव्हर अंगावर पडतं. एकट्या कोपऱ्याने पकड केली तर बहुतेकदा तोच बाद होतो. इथेही तसंच असणार असं वाटतं: स्पायडर-मॅनने आत यायला आणि मारायला आपल्या क्षमता वापरल्या की त्या परत मिळेपर्यंत तो उघडा पडतो, आणि नेमका तेव्हा दुसरा कुणी माझ्याजवळ हवा. पण या खेळात माझा कोपरा कोण आणि कव्हर कोण, हेच मला उमगत नाही. भाचा व्हेनम घेऊन पलीकडच्या अंगणात असतो. दुसरा टँक अनोळखी. त्याला मागे वळ म्हणून सांगायचं कसं? मी पिंग करतो, म्हणजे बटण दाबून खूण करतो, पण मी पिंग करेपर्यंत उशीर झालेला असतो.

डाइव्ह, ब्रॉल आणि पोक अशा तीन शैली लोक मानतात हे मला माहीत आहे. लांबून टोचत राहणाऱ्या पोक टीमला डाइव्ह भारी पडतो, घोळक्याने अंगावर येणारा ब्रॉल डाइव्हला भारी, आणि ब्रॉल जवळ येण्याआधीच पोक त्याला संपवतो. ही मांडणी ढोबळ असली तरी आमच्या टीमला लावून पाहिली तर गोंधळ दिसतो. भाचा डाइव्ह खेळतो, मी लांब उभा राहून पोक खेळतो, स्ट्रेंज मध्ये एकटा ब्रॉल करतोय. तीन माणसं, तीन वेगळे खेळ. माझ्या मते आमच्या हरण्याचं खरं मूळ हेच आहे आणि नेमबाजीचा नंबर त्यानंतर लागतो. तुम्हाला काय वाटतं?

माझे प्रश्न असे. लूनाने उभं कुठे राहायचं? डाइव्ह येतोय हे आधी ओळखायचं कसं? समोर डाइव्ह दिसला की लूना सोडून दुसरा हीलर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? मँटिस झोपवू शकते, पण धक्का लागला की झोपलेला जागा होतो आणि अनोळखी टीममध्ये कुणीतरी गोळी घालतंच. अ‍ॅडम वॉरलॉक मेलेल्याला उठवतो, पण त्याला स्वतःला पळता येत नाही, त्यामुळे तो माझ्या कामाचा नाही असं वाटतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात नाजूक: भाच्याला व्हेनम सोड असं मला म्हणायचं नाही. त्याला तो मनापासून आवडतो आणि तो खेळतोही छान. त्याने व्हेनम ठेवूनच आमचं कसं जमेल?

नुसतं "नेम सुधारा" असं सांगू नका ही विनंती. नेमाचा सराव मी रोज वीस मिनिटं करतोच आहे.

*

भर, आठ दिवसांनी:

इतक्या जणांनी वेळ काढून लिहिलंत, फार बरं वाटलं. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्याऐवजी या शनिवारी काय करून पाहिलं ते इथेच लिहितो.

"दुसऱ्या हीलरच्या नजरेत राहा, तोच तुझा कोपरा" हा सल्ला सर्वांत कामाचा ठरला. आता मी जागा निवडताना टँक दिसतोय का हे नंतर बघतो, आधी दुसरा हीलर दिसतोय का ते बघतो. दोघांनी एकमेकांना हील दिली तर एकटा स्पायडर-मॅन सहसा रिकाम्या हाताने परत जातो. लूनाची शेअर द स्टेज ही क्षमता मी आधी टँकवर लावायचो, म्हणजे इतरांना दिलेल्या हीलचा वाटा त्यालाही मिळायचा. डाइव्ह असला की आता ते दुसऱ्या हीलरवर लावतो.

भिंतीच्या कोपऱ्याला चिकटून उभं राहायचं, म्हणजे एक बाजू आपोआप बंद होते, हेही पटलं. अ‍ॅब्सोल्यूट झीरो राखून ठेवायला मात्र फार जड गेलं. हात आपोआप बटणाकडे जातो. शेवटी एक नियम केला: शत्रूचा डायव्हर समोर डोळ्यांना दिसत असेल तरच गोळा दुसऱ्या कुणावर टाकायचा, तो दिसेनासा झाला की हात आवरायचा. डायव्हर दिसत नाही हीच तो येतोय याची खूण, असं एका ताईंनी लिहिलं होतं. ते वाक्य मी मॉनिटरच्या खाली चिकटवलंय.

पाठ फिरवून पळण्याचा सराव गेममधल्या सरावाच्या रेंजमध्ये केला. पहिल्यांदा अगदी चुकीचं वाटतं, शत्रूकडे पाठ करणं रक्तातच नाही. पण घसरत कोपऱ्याआड जाऊन मग वळलं की समोरचा आयता नेमात येतो. व्हेनमच्या बाबतीत तर हे फारच उपयोगी पडलं. तो आदळून शुंडांनी बांधतो, चाल मंदावते, पण वेळेत लांब गेलं तर तो बंध तुटतो आणि पुढचा तडाखा बसत नाही.

तीन सामन्यांत इन्व्हिजिबल वूमन ही दुसरी हीलर घेऊन पाहिली. दोनदा उडी मारली की ती अदृश्य होते आणि अंगावर आलेल्याला ढकलून लांब फेकता येतं. व्हेनम आदळल्या आदळल्या त्याला कड्यावरून खाली ढकलला, तेव्हा भाचा कोल्हापुरात इतका हसला की मागून ताईचा आवाज आला, "अरे झोपा आता!" क्लोक अँड डॅगर ही एकाच हिरोत दोन रूपं असलेली हीलर अजून हाताला बसलेली नाही. डॅगरचे खंजीर स्वतःच साथीदाराकडे वळतात, त्यामुळे घाबरल्यावरही हील चुकत नाही हे चांगलं आहे, पण क्लोकमध्ये कधी बदलायचं याचा अंदाज येत नाही.

भाच्याशी बोललो. "तू चुकतोस" असं न म्हणता त्याला रिप्ले दाखवला, शत्रूच्या स्पायडर-मॅनच्या नजरेतून. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, मी तिकडं गेलो की हे लगेच तुझ्याकडं येतंय की." त्याचं त्यालाच दिसलं. आता समोर दोन डायव्हर असतील तर तो आधी माझ्याजवळच्या छतावर थांबतो, ते आत आले की त्यांच्यावर आदळतो आणि मगच पुढे जातो. काही सामन्यांत त्याने स्वतःहून द थिंग हा टँक घेऊन पाहिला. थिंगला साथीदाराकडे थेट झेप घेता येते, त्याने दोघांनाही बसणारा मार कमी होतो, आणि त्याला कुणी उडवू शकत नाही. पण दोन सामन्यांनी भाचा व्हेनमकडेच परतला, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

सात सामन्यांपैकी चार जिंकलो. मी अजूनही मरतो, पण सगळ्यात आधी नाही.

अडलंय ते ब्लॅक पँथरपाशी. त्याच्यासमोर वरचं काहीच पुरत नाही. गोळा मारेपर्यंत तो दुसऱ्या बाजूला असतो. चांगला पँथर असला की दोन हीलर जवळजवळ उभे असणं हेच त्याला सोयीचं होतं, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. तुमच्यापैकी कुणी म्हणालं की नेमोर घ्यायला लावा, त्याचे पाळीव जलचर स्वतःच नेम धरतात. दुसऱ्या कुणी पेनी पार्करचं जाळं आणि सुरुंग हीलरच्या पायाशी लावायला सांगितलं. दोन्ही पटतं, पण ते दोन्ही हिरो अनोळखी माणसाच्या हातात असतात. आमच्या दोघांच्या हातात जे आहे त्यातून पँथरला कसं रोखायचं? भाल्याची खूण अंगावर बसल्याचं कळलं की गोळा लगेच मारावा, की त्याची पहिली झेप सोसून दुसऱ्या झेपेला मारावा? आणि व्हेनमने तेव्हा मला चिकटून राहावं, की पँथर परत जायच्या वाटेवर उभं राहावं?

येत्या शनिवारी साडेनऊला पुन्हा बसतोय. त्याआधी कुणी सांगितलं तर मी शुक्रवारी रेंजमध्ये घटवून ठेवीन.