मदत हवी आहे: छोटा इलेक्ट्रिक स्नो थ्रोअर ओल्या बर्फात तुंबतो आणि मध्येच बंद पडतो

तलावकाठ

मंडळी, रोचेस्टरच्या (न्यूयॉर्क) उपनगरात घर आहे. डांबरी ड्राइव्हवे, १८ फूट रुंद आणि ४५ फूट लांब, दोन गाड्यांचा. स्नो थ्रोअर (बर्फ उडवून बाजूला टाकणारं मशीन) वायरवाला, १८ इंच रुंदीचा, १३ अँपिअरचा, सिंगल स्टेज, म्हणजे बर्फ गोळा करणारी आणि फेकणारी पाती एकच. कोरडा भुरभुरीत बर्फ तो छान उडवतो. अडचणी तीन आहेत:

१. तापमान ३२ फॅरनहाइटच्या (गोठणबिंदूच्या) आसपास असलं की चूट, म्हणजे बर्फ बाहेर फेकणारं नळकांडं, सारखी तुंबते. बर्फ चार-पाच फुटांवरच पडतो.
२. अर्धा ड्राइव्हवे झाला की मशीन बंद पडतं.
३. रस्त्यावरचा प्लाऊ (बर्फ ढकलणारा ट्रक) ड्राइव्हवेच्या तोंडाशी जी भिंत उभी करून जातो, तिच्यात मशीन शिरतच नाही.

दोष मशीनमध्ये आहे की वापरण्यात? बॅटरीवालं घ्यावं का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

वायरमन

आधी दुसऱ्या अडचणीकडे बघू, कारण पहिलीचं निम्मं कारणही बहुधा तिथेच आहे. मशीन बंद पडतं तेव्हा नेमकं काय पडतं? पॅनलमधला ब्रेकर, सॉकेटवरचं जीएफसीआयचं (शॉकपासून वाचवण्यासाठी वीज तोडणाऱ्या स्विचचं) बटण, की यातलं काहीच नाही? तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. शिवाय एक्स्टेन्शन कॉर्ड किती फुटांची आहे आणि तिच्या आवरणावर काय छापलंय तेही लिहा.

तलावकाठ

बहुतेक वेळा पॅनलमधला ब्रेकर पडतो, त्यावर १५ लिहिलंय. एखाद्या वेळी सॉकेटचं बटण. कॉर्ड केशरी, १०० फुटी, आवरणावर १६/३ आणि एसजेटीडब्ल्यू छापलंय. सॉकेट गॅरेजमध्ये आहे, त्याच भिंतीवर फ्रीझर चालू असतो.

वायरमन

मग उलगडा झाला. सावकाश वाचा.

१६/३ म्हणजे १६ गेजच्या तीन तारा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. १६ गेज तांब्याच्या तारेचा रोध हजार फुटांना सुमारे ४ ओहम असतो. १०० फुटी कॉर्डमध्ये करंट जाऊन परत येतो, म्हणजे २०० फूट तार, ०.८ ओहम. १३ अँपिअर ओढले की साडेदहा व्होल्ट कॉर्डमध्येच खर्च होतात. सॉकेटला १२० असले तरी मशीनपर्यंत ११० च्या खालीच पोचतात आणि सुमारे १३५ वॉट नुसती कॉर्ड तापवण्यात जातात. १२ गेजची तेवढीच कॉर्ड घेतली तर हीच घट जेमतेम ४ व्होल्टची राहते.

आता याचा फेकण्याशी संबंध. पात्याच्या टोकाला जो वेग असतो त्या वेगाने बर्फ बाहेर पडतो, आणि फेकीचं अंतर साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. वेग १० टक्क्यांनी उतरला की अंतर जवळजवळ २० टक्क्यांनी घटतं. ओला बर्फ जड, त्यात व्होल्टेज कमी. पाती मंदावतात, मंदावलेली मोटर आणखी करंट ओढते, बर्फ चूटमधून पूर्ण बाहेर न पडता तिथेच बसतो.

ब्रेकरचं गणित याहून सोपं आहे. १५ अँपिअरच्या ब्रेकरवर १३ चं मशीन, आणि त्यात फ्रीझरचा कॉम्प्रेसर सुरू झाला की मर्यादा ओलांडलीच. थोड्याशा जादा भाराने ब्रेकर लगेच पडत नाही, आतली पट्टी तापल्यावर पडतो. म्हणून तुमचं मशीन सुरुवातीला नीट चालून अर्ध्यात थांबतं.

काय करायचं:

कॉर्ड बदला. ५० फुटांपर्यंत १४ गेज चालेल, १०० फुटांना १२ गेजच. दोन कॉर्ड जोडून लांबी वाढवू नका. आवरणावर डब्ल्यू हवा, तो बाहेरच्या वापराचा. जमलं तर एसजेईओडब्ल्यू घ्या. त्यातल्या ई मुळे आवरण थंडीत मऊ राहतं. साधं पीव्हीसी शून्य फॅरनहाइटला काठीसारखं ताठ होतं आणि पायात येतं.

दुसरं सर्किट शोधा, शक्यतो २० अँपिअरचं. सॉकेटच्या एका फटीचा आकार आडव्या टी सारखा असेल तर ते २० चं. पण २० च्या सर्किटवरही साधी सॉकेट बसवलेली असतात, म्हणून पॅनलमधल्या ब्रेकरच्या दांडीवरचा आकडाच प्रमाण माना. १५ चा ब्रेकर काढून तिथे २० चा बसवायचा विचार चुकूनही नको. त्या सर्किटला भिंतीतली तार १४ गेजची असते, ब्रेकरच्या आधी तीच तापेल. स्वतंत्र सर्किट ओढायचं तर लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा. फ्रीझर तात्पुरता बंद करून काम उरकायचं असेल तर नंतर तो चालू केल्याची खात्री करा.

जीएफसीआयचं बटण पडणं हा वेगळा प्रकार आहे. तिथे भाराचा प्रश्न नसतो, गळतीचा असतो. सुमारे ५ मिलिअँपिअर करंट वाट चुकला की ते पडतं. मशीनची शेपटी (त्याची स्वतःची आखूड वायर) आणि कॉर्ड जिथे जुळतात तो सांधा बर्फात पडून ओला झालेला असणार. हँडलला कॉर्ड अडकवायचा हूक असतो, सांधा तिथे वर राहिला पाहिजे. भिजला तर प्लग काढून कोरडा करा. जीएफसीआय टाळून दुसऱ्या सॉकेटला जोडू नका. ओल्या जमिनीवर उभं राहून वीज वापरताना जीव वाचवणारी तीच एक गोष्ट आहे.

कधी काहीच न पडता मशीन थांबलं तर मोटरचं स्वतःचं संरक्षण काम करतंय. १५-२० मिनिटं थंड होऊ द्या.

डुलूथकर

विजेचं वायरमन यांनी सांगितलंच आहे. मी बर्फाचं सांगतो.

ताज्या कोरड्या बर्फाचं वजन घनफुटाला ५ पौंडांच्या आसपास, ओल्याचं १५ किंवा जास्त. तुमचा ड्राइव्हवे ८१० चौरस फुटांचा. सहा इंच बर्फ पडला तर ४०५ घनफूट. कोरडा असेल तर २,००० पौंड उचलायचे, ओला असेल तर ६,०००. मोटर तीच, काम तिप्पट. म्हणून ओल्या दिवशी कोरड्या दिवसाच्या पद्धतीने चालवून भागत नाही.

मशीन गरम गॅरेजमधून थेट बर्फात नेऊ नका. प्लॅस्टिक उबदार असतं, त्याला लागलेला बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि त्या खरखरीत थरावर पुढचा बर्फ चिकटत जातो. पंधरा-वीस मिनिटं बाहेर सावलीत ठेवून मगच सुरू करा. त्याआधी चूटच्या आतून आणि पात्यांवर सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात मारा, तोही प्लग काढलेला असताना. चिकटणं बरंच कमी होतं.

सुरू करताना हँडल थोडं खाली दाबून पुढचं तोंड उचला, पाती मोकळी फिरू द्या, पूर्ण वेग आला की मग बर्फात घाला. बर्फात रुतलेल्या पात्यांवर स्विच दाबला की सुरुवातीचाच करंट भलताच जातो.

ओला बर्फ असेल तर मशीनची अर्धीच रुंदी घ्या, ८-९ इंच. चाल मात्र एकसारखी ठेवा. थांबत-थांबत चाललं की चूटमधला प्रवाह तुटतो आणि उरलेला गोळा तिथेच बसतो. चूटचं झाकण वर उघडलेलं असू द्या. जवळ फेकायला ते खाली वाकवलं की बर्फाला वळण घ्यावं लागतं, आणि तुंबायची जागा तीच. चूट कडेला पूर्ण वळवण्यापेक्षा जमेल तितकी सरळ किंवा थोडी तिरकी बरी.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उंची. तोंड १० इंच उंच आहे म्हणून १० इंच साठू देऊ नका. ३-४ इंच झाला की एक फेरी मारा. रात्रभर पडणार असेल तर झोपण्यापूर्वी एक, पहाटे एक. लेक इफेक्टचा, म्हणजे तलावाच्या वाफेतून तयार झालेल्या हिमढगांचा, पट्टा ओंटारिओ तलावावरून सरकत येतो तेव्हा बर्फ तासाला दोन-तीन इंचसुद्धा पडतो. या ताकदीच्या मशीनला थांबून एकदम सगळं काढणं झेपत नाही.

क्रम: गॅरेजच्या दारापासून, म्हणजे सॉकेटच्या जवळून सुरू करा आणि दूर जात चला, म्हणजे कॉर्ड कायम मागे, साफ झालेल्या भागावर राहते. ड्राइव्हवेच्या मध्यावरून पहिला पट्टा, मग एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. दर पट्ट्याला दोन-तीन इंच मागच्यावर चढवा. वारा पाठीवर किंवा कडेने घ्या. समोरून असला तर सगळा बर्फ तोंडावर येतो आणि अर्धा पुन्हा ड्राइव्हवेवर.

आणि तुंबलं तर. हात घालायचा नाही. मशीन बंद असलं तरी, पाती थांबलेली दिसत असली तरी नाही. अडकलेल्या पात्यांमध्ये आणि त्यांना फिरवणाऱ्या ताणलेल्या पट्ट्यात (बेल्टमध्ये) जोर साठलेला असतो, गोळा सुटताक्षणी पाती झटका घेतात, आणि तेवढ्यात बोटं जातात. हँडलवरची चालू ठेवायची दांडी सोडा, पाती थांबू द्या, प्लग काढा, मग मशीनबरोबर आलेली काठी किंवा झाडूचा लाकडी दांडा वापरा. हातमोजा घातला आहे म्हणून सूट नाही, उलट तो पात्यात अडकतो.

पुणेरी_बफेलो

वरच्या सगळ्याला अनुमोदन. दोन भाग तपासा. पात्यांच्या कडा झिजल्या असतील तर खालच्या पट्टीशी अंतर वाढतं, बर्फाचा पातळ थर मागे राहतो आणि फेकही कमी पडते. दुसरा, बाजूच्या झाकणाखालचा पट्टा. झाकणाचे स्क्रू काढून बघा: भेगा, चकाकणारी घासलेली बाजू, जळका वास. मोटरचा आवाज चढतो पण पाती मंद, असं असेल तर पट्टा घसरतोय. मॅन्युअलमधला पार्ट नंबर बघून दोन मागवा, जानेवारीत दुकानातला साठा संपतो.

काम झालं की मशीन मिनिटभर रिकामं चालवा, आतला बर्फ उडून जातो. नाहीतर पाती रात्रीत गोठून बसतात, आणि सकाळी तशीच सुरू केली की पट्टा जळतो. गोठलीच तर आत आणून वितळू द्या.

तलावकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कॉर्ड आजच मागवतो. प्लाऊच्या भिंतीचं आणि बॅटरीचं राहिलं.

मिसिसागा_४०१

ती भिंत म्हणजे नुसता बर्फ नसतो. दाबलेला बर्फ, चिखल, मीठ, कधी खडेसुद्धा. रबरी किंवा प्लॅस्टिकच्या पात्यांचं ते काम नाही. मशीन मागे घेऊन धडका देऊ नका, पाती तडकतात. धातूची कड असलेल्या फावड्याने वरून तीन-चार इंचांचे थर कापा, ढेकळं फोडून सपाट पसरा, मग मशीनला द्या. आणि हे प्लाऊ गेल्यावर तासाभरात करा. रात्र गेली की ती भिंत दगड होते.

भिंत लहान करायचा उपाय आहे. घराकडे पाठ, रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. अमेरिका-कॅनडात प्लाऊ तुमच्या डावीकडून येतो. ड्राइव्हवेच्या डावीकडे, रस्त्याच्या कडेने दहा-बारा फूट लांब आणि रस्त्यापासून आत चार-पाच फूट रुंद जागा आधीच मोकळी करून ठेवा. प्लाऊच्या पात्यापुढचा बर्फ त्या खिशात रिकामा होतो, तोंडाशी येतो तो बराच कमी. पूर्ण थांबत नाही. तिथला बर्फ उजव्या बाजूला किंवा अंगणात टाका. रस्त्यावर टाकू नका. आमच्या ओंटारिओ प्रांतात (कॅनडा) हायवे ट्रॅफिक ॲक्टच्या कलम १८१ नुसार परवानगीशिवाय ते मना आहे, तुमच्या गावाचा नियम टाउनच्या साइटवर मिळेल.

जमीन गोठण्यापूर्वी, नोव्हेंबरातच, कडेने चमकत्या खुणेच्या काठ्या रोवा. डांबराची कड, पायपुसणं, दिव्यांच्या माळा आणि पिशवीतलं वर्तमानपत्र, यांतलं काहीही पात्यात गेलं की सकाळ वाया.

वायरमन

बॅटरीचं गणित असं. तुमचं मशीन पूर्ण भारावर १३ × १२० म्हणजे सुमारे १,५६० वॉट ओढतं. अर्धा तास काम धरलं तर ७८० वॉट-तास. ५६ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची एक बॅटरी २८० वॉट-तासांची, म्हणजे भारावर दहा-अकरा मिनिटं. साडेसात अँपिअर-तासांच्या दोन घेतल्या तर ८४० होतात, त्यात तुमचा ड्राइव्हवे निघेल, पण कडाक्याच्या थंडीत क्षमता आणखी घटते, आणि दोन मोठ्या बॅटऱ्यांची किंमत बऱ्याचदा मशीनच्या बरोबरीने जाते. घेतल्या तर घरात उबेत ठेवा, कामाच्या वेळीच बसवा, आणि ३२ च्या खाली तापमान असलेल्या गॅरेजमध्ये चार्ज करू नका. गोठणबिंदूखाली चार्जिंग केलं की लिथियमचा धातू आत साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते.

माझं मत: यंदा फक्त कॉर्ड आणि सर्किट बदलून बघा. ४५ फुटांच्या ड्राइव्हवेला वायर पुरते.

तलावकाठ

१२ गेजची १०० फुटी कॉर्ड रिळावर गुंडाळलेली मिळतेय. हवी तेवढीच सोडून बाकी रिळावर ठेवली तर चालेल ना?

वायरमन

नाही. गुंडाळलेल्या वेटोळ्यात उष्णता बाहेर पडायला वाट नसते, १३ अँपिअरला आतले थर तापून आवरण मऊ पडतं. वापरताना सगळी १०० फूट सोडा, जादा भाग गॅरेजच्या जमिनीवर सैल, नागमोडी पसरा. सॉकेटपासून ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत, वळणं धरून, आधी टेपने मोजा. ५० फुटांत बसत असेल तर ५० चीच १२ गेज घ्या. हलकी पडेल आणि व्होल्टही कमी खाईल.