व्हीएमच्या आत व्हीएम: तुम्ही काय वापरता?

रानजाई: काल माळा आवरताना जुना लॅपटॉप सापडला. चार्जर लावला, चक्क सुरू झाला! २०१७ मध्ये याच्यावरच विंडोज, त्यात व्हर्च्युअलबॉक्स (व्हीएम, म्हणजे संगणकात आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात उबुंटू लिनक्स आणि उबुंटूत केव्हीएम (लिनक्समधली तशीच सोय) चालवायला दोन रात्री जागले होते. आतल्या उबुंटूला प्रोसेसरचं व्हीटी-एक्स (व्हीएम चालवायला लागणारी इंटेलची सोय) दिसायचंच नाही. बायॉस, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज, दहादा तपासलं. व्हीटी-एक्स आतल्या मशीनला दाखवायची सोय व्हर्च्युअलबॉक्समध्ये तेव्हा नव्हतीच, इंटेलसाठी ६.१ मध्ये आली, २०१९ च्या डिसेंबरात. तोवर मी व्हीएमवेअरवर (व्हर्च्युअलबॉक्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) गेले होते, तिथे प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये एक टिक केली की झालं. आता लेकीला कॉलेजच्या लॅबसाठी हेच, म्हणजे व्हीएमच्या आत व्हीएम (नेस्टेड), हवंय. लिहा तुमचे अनुभव.

बटाटेवडा४२: हिरवं कासव!! व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत ते दिसलं की समजायचं, विंडोजचं स्वतःचं व्हीएम चालवणारं हायपर-व्ही मधे अडून बसलंय. माझ्याकडे मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा सोय, हायपर-व्ही वापरते) बंद करून रीस्टार्ट केल्यावर गेलं.

सांजवात: मला डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) रोज लागतं, त्यामुळे हायपर-व्ही बंद करणं जमत नाही. मग हायपर-व्हीतच नेस्टेड करते. व्हीएम बंद ठेवून पॉवरशेलमधून (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) कमांड द्यायची, सेटिंगमध्ये बटण शोधत बसू नका. आतल्या मशीनला नेट मिळेना तर बाहेरच्या व्हीएमच्या नेटवर्क सेटिंगमधलं मॅक अ‍ॅड्रेस स्पूफिंग चालू करा, माझा अख्खा रविवार गेला त्यात. प्रोसेसर एएमडीचा असेल तर विंडोज ११ च लागेल. कुकर झाला, येते

पेंग्विनप्रेमी: लिनक्स + केव्हीएम. लिनक्सच्या कर्नल (गाभा) ४.२० पासून इंटेललाही नेस्टेड आपसूक चालू असतं. व्हीएमच्या सेटिंगमध्ये सीपीयू होस्ट-पासथ्रू ठेवा, म्हणजे आतल्या मशीनला खरा प्रोसेसर जसाच्या तसा दिसतो, बास.

बटाटेवडा४२: व्हीएमवेअर वर्कस्टेशन २०२४ च्या नोव्हेंबरपासून सगळ्यांना फुकट आहे, ऑफिसच्या कामालाही.

घाटमाथा: ताई, लेकीकडे मॅक नाही ना? अ‍ॅपलच्या एम१, एम२ चिपवर नेस्टेड होत नाही. एम३ किंवा पुढची चिप, आणि मॅकओएस सिक्वोया किंवा पुढचं लागतं.

रानजाई: एम२ च आहे हो. सहा महिने झाले घेऊन :(

घाटमाथा: अरेरे. वाईट वाटलं. बाकी अभ्यासाला उत्तम मशीन आहे ते, पण.

पेंग्विनप्रेमी: मग जुनाच द्या तिला! रॅम किती?

रानजाई: ८.

पेंग्विनप्रेमी: १६ करा, एसएसडी टाका, विंडोज काढून थेट लिनक्स. एक मजला कमी होतो.

सांजवात: आले परत. माळ्यावरचा लॅपटॉप म्हणालात ना? आधी उलटा करून बॅटरी बघा. आमच्याकडची फुगली होती.

रानजाई: बघितलं. टचपॅडखाली झाकण उचललंय, बोट जातंय आत. चार्जर काढला, बंद केला. उद्या दुकानात नेते. सांजवात, खूप खूप आभार गं.